मागच्या माणसाचा दिवा

गाडीच्या पाठीमागे दिवे किती, असं कुणी विचारलं असतं तर मी बेधडक दोन म्हटलं असतं. डावीकडे एक तांबडा, उजवीकडे एक तांबडा, झालं. माझी उमर भूगोल शिकवण्यात गेली. पाऊस सह्याद्रीला अडून कसा पडतो, हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण गाडीच्या बाबतीत माझी विद्या किल्ली फिरवण्यापाशी सुरू होते आणि पेट्रोल भरण्यापाशी संपते. अशा माणसाच्या दारात दादाची ती थोरली जपानी गाडी येऊन उभी राहिली. दादा आणि वहिनी कायमचे इंग्लंडला लेकाकडे निघाले आणि जाताना "विकून चार पैसे येतील, पण तूच चालव" म्हणून गाडी मला देऊन गेले. गाडी संपूर्ण जपानात तयार झालेली आणि जहाजानं इकडे आलेली. जुन्या हुबळीतला आमचा बोळ ती आत शिरली की भरूनच जातो. समोरच्या घरचे आजोबा अजूनही तिला "जहाज" म्हणतात.

आमची लेक सावंतवाडीला दिलेली. हुबळीहून धारवाड, बेळगाव, मग शिनोळीवरून आंबोली आणि घाट उतरला की सावंतवाडी, असा आमचा नेहमीचा रस्ता. पूर्वी आम्ही बसनं जायचो. बसमध्ये धुकं लागलं की मला फार बरं वाटायचं. खिडकीबाहेर पांढरं, आत शेंगा सोलत बसलेली माणसं, आणि पुढे काय चाललंय त्याची काळजी ड्रायव्हरला.

स्टिअरिंग स्वतःच्या हातात आलं तेव्हा तेच धुकं निराळं दिसायला लागलं. खरं म्हणजे आंबोलीचं ते धुकं नव्हेच. अरबी समुद्रावरून आलेले ढग डोंगराला धडकून वर चढतात आणि सुमारे ७०० मीटर उंचीवरचं ते गाव नेमकं ढगाच्या पोटात सापडतं. वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारी जागा ती. एक किलोमीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की हवामानशास्त्रात त्याला धुकं म्हणायचं. २०० मीटरच्या आत आलं की दाट, ५० मीटरच्या आत आलं की अतिदाट. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, पोरांनी वहीत उतरवून घेतलं, आणि त्यातल्या एकालाही किंवा मलाही ५० मीटर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. म्हणजे ५० मीटर साडेचार सेकंदांत संपले. तेवढ्यात बघायचं, समजायचं, ब्रेक मारायचा आणि ओल्या रस्त्यावर थांबायचंसुद्धा.

पुढचं दिसत नाही याची भीती मला होतीच. त्यासाठी मी हळू चालवत होते. पण एका वळणावर आरशात निव्वळ पांढरं होतं, आणि पुढच्या क्षणी त्याच पांढऱ्यातून ट्रकचं तोंड निघालं, ते थेट आमच्या डिकीपाशीच. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला, हॉर्न मारला आणि माझ्या मते कानडीत काहीतरी ऐकवलंही. शेजारी आमचे हे बसले होते. ते म्हणाले, "त्याचं काय चुकलं? त्याला आपला टेल लॅम्प दिसलाच नसणार."

हे रेल्वेत गार्ड होते. आता त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून. पण आमच्या घरात गार्डच. गार्डाचं आयुष्य शेवटच्या डब्यात जातं. सगळी गाडी पुढे तोंड करून धावत असते आणि हा एकटा माणूस पाठीमागचे रूळ बघत बसलेला असतो. त्या डब्याच्या मागचा तांबडा दिवा म्हणजे यांचा जीव. गाडी न थांबता स्टेशनातून जाते तेव्हा मास्तर हाच दिवा बघतो. तो दिसला म्हणजे गाडी पुरी गेली, मध्येच तुटून चार डबे मागे राहिले नाहीत. दिवसा त्या कामाला 'एलव्ही'ची पाटी असते. त्यामुळे गाडीच्या दिव्यांबद्दल यांची मतं ठाम, आणि ती फक्त पाठीमागच्या दिव्यांबद्दल.

मी म्हटलं, सगळे करतात तसं चारी इंडिकेटर चालू ठेवू. घाटात निम्म्या गाड्या तशाच लुकलुकत जातात. हे लगेच म्हणाले, "लुकलुकणारा दिवा निम्मा वेळ विझलेला असतो. आणि तू वळणार आहेस की उभी आहेस, हे मागच्याला कसं कळायचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते इंडिकेटर उभ्या गाडीसाठी असतात, हेही मला तेव्हाच कळलं.

त्या रात्री दादाला फोन केला. तो हसायलाच लागला. "अगं, इथं मागचा फॉग लॅम्प नसेल तर गाडी वार्षिक तपासणीत नापास!" १ एप्रिल १९८० नंतर रस्त्यावर आलेल्या गाड्यांना इंग्लंडात तो सक्तीचा आहे. युरोपातही नव्या गाडीला किमान एक लागतोच. अमेरिकेत सक्ती नाही, जपानातही नाही. त्यामुळे जपानातून जुनी गाडी इंग्लंडात आली की तिथले गॅरेजवाले आधी तिला मागे एक तांबडा दिवा बसवतात, मगच तिला नंबर मिळतो. तिथं तो एक धंदाच आहे म्हणे. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांना हा दिवा नसतो आणि आपलं कुणाचं त्यावाचून अडत नाही, म्हणजे अडेपर्यंत अडत नाही.

मग मी गाडीचं पुस्तक काढलं. जाडजूड पुस्तक, ज्या ओळीपुढे चांदणी, ती वस्तू काही देशांतल्या गाड्यांनाच. मागच्या फॉग लॅम्पपुढे चांदणी होती. चित्रातला दिवा बंपरच्या खालच्या कोपऱ्यात. आमच्या गाडीला त्या जागी तांबडी, लांबट, मुकी पट्टी, म्हणजे नुसता रिफ्लेक्टर. फ्यूजच्या पेटीचं झाकण उघडलं तर आतल्या तक्त्यावर बारीक अक्षरात 'आरआर फॉग' असं छापलेलं आणि त्याची जागा रिकामी. हे चष्मा वर करून म्हणाले, "आरआर म्हणजे रेल्वे रिसीट." रिअर, हो. पण त्या दोन अक्षरांनी मला धीर आला. दिवा या गाडीच्या नशिबात होता. फक्त आपल्या वाट्याला आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑटो स्पेअर्सच्या एका दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा "एन बेक्री, अक्कार?" म्हणाला. मी माझ्या कानडीत धुक्याचा दिवा मागितला, मागे लावायचा. "मंजिंदु मुंद इरतैत्री!" धुक्याचा दिवा पुढे असतो हो, असं त्यानं मला समजावून सांगितलं, माझी पोरं अक्षांश-रेखांश उलटे सांगायची तेव्हा मी ज्या सुरात बोलायची अगदी त्याच सुरात. मग त्यानं मांडणीच केली. निळ्या-तांबड्या चमकणाऱ्या पट्ट्या, ब्रेक मारला की सात वेळा फडफडणारे दिवे, लोखंडी जाळीत बसवलेले पांढरे प्रखर चौकोन. मागे लावायला काय देता म्हटल्यावर तो तोच पांढरा चौकोन उलटा धरून दाखवायला लागला. मागे पांढरा दिवा म्हणजे गाडी रिव्हर्स येतेय, एवढं तर मलाही माहीत होतं. मी हात जोडले.

शेवटी कारवार रोडवर, इंडी पंपाच्या पुढे ज्याचं गॅरेज आहे त्या मिस्त्रीकडे गेले. हा एकेकाळी आमच्या मराठी शाळेत माझ्या वर्गात होता. नकाशात नदी नेहमी डोंगराकडे वाहणारी काढायचा. आता शर्टाच्या खिशात टेस्टर घालून फिरतो आणि आसपासच्या सगळ्या गाड्यांचं वायरिंग त्याच्या बोटांवर आहे. "बसवून सोडतो की बाई, त्यात काय!" म्हणाला आणि माझ्या देखत त्यानं टेल लॅम्प काढला.

माझं खरं शिक्षण इथून सुरू झालं. त्यानं हातात दिलेला बल्ब एकच, पण आत तारा दोन. त्याला ते डबल पॉइंट म्हणतात. एक तार ५ वॉटची, ती टेल लॅम्पची. दुसरी २१ वॉटची, ती ब्रेकची. मिस्त्रीचा बेत सोपा होता: धुक्यात बटण दाबलं की २१ची तारही पेटून राहील. खर्च जवळजवळ शून्य. मला क्षणभर पटलंसुद्धा. पण हे मागून म्हणाले, "मग ब्रेक मारला तर मागच्याला काय दिसेल?" काहीच नाही. जे आधी पेटलेलं होतं तेच पेटलेलं राहील. मिस्त्रीनं डोकं खाजवलं. मग ५च्या जागी जास्त वॉटचा बल्ब घालू म्हणाला. त्यानं होल्डर तापून काच वितळते, हे त्याचं त्यालाच आठवलं. मग तो गप्प बसला.

मी घरी येऊन वाचायला बसले, आणि सांगायला हरकत नाही, त्या आठवड्यात मी सासूबाईंच्या श्राद्धाची यादी करायचीही विसरले. या दिव्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत आणि ते वाचण्यात एक गंमत आहे. उजेड कँडेलात मोजतात. टेल लॅम्पला मागून सरळ पाहताना किमान ४ कँडेला पुरतात, ब्रेकच्या दिव्याला किमान ६० लागतात, मागच्या फॉग लॅम्पला किमान १५०. म्हणजे हा दिवा ब्रेकपेक्षाही तेज. आणि म्हणूनच तो ब्रेकच्या दिव्यापासून १०० मिलिमीटरहून अधिक दूर हवा. जवळ असला तर त्याच्या झगमगाटात ब्रेक लागल्याचं कळणारच नाही. जमिनीपासून किमान पाव मीटर वर. एकच बसवायचा असेल तर रस्त्याच्या मध्याकडे, म्हणजे आपल्यासारख्या डावीकडून चालणाऱ्या देशांत उजव्या बाजूला. त्याचं बटण वेगळं हवं, डॅशबोर्डवर तो चालू असल्याची खूण हवी, हेडलाइट किंवा पुढचा फॉग लॅम्प चालू असल्याशिवाय तो पेटता कामा नये, आणि एकदा सगळे दिवे बंद केले की पुढच्या वेळी तो आपोआप पेटू नये.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो काचेवरची अक्षरं वाचण्यात. गाडीच्या प्रत्येक दिव्याच्या काचेत, कुणाच्या नजरेला पडू नयेत अशा बेतानं, काही खुणा कोरलेल्या असतात. गोलात 'ई' आणि शेजारी आकडा, तो मान्यता देणाऱ्या देशाचा. १ म्हणजे जर्मनी, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन, ४३ जपान. मग दिव्याचं काम सांगणारं अक्षर. 'आर' टेल लॅम्प, 'एस१' ब्रेक, 'एआर' रिव्हर्स, 'आयए' रिफ्लेक्टर. आणि 'एफ', मागचा फॉग. मी भिंग घेऊन बोळात गाडीमागे उकिडवी बसले होते. जाणारी-येणारी माणसं थांबत होती. कुणीतरी यांना विचारलंही, "काय हो, बाईंचं काही हरवलं काय?"

मिस्त्रीला वाटत होतं की तांबडा प्रकाश धुकं भेदून जातो, म्हणून मागचे दिवे तांबडे. इथं मात्र माझ्या घरचं मैदान होतं. संध्याकाळचा सूर्य तांबडा दिसतो तो हवेच्या अतिबारीक कणांमुळे. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. धुक्यातले थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे, त्यांना सगळे रंग सारखेच. म्हणून तर धुकं पांढरं दिसतं. तांबडा रंग भेदून जात नाही. तांबडं म्हणजे गाडीची पाठ, एवढाच त्याचा अर्थ. भेदून जातो तो फक्त जास्त उजेड. त्यानं ऐकून घेतलं. "शाळेत असं सांगितला असता तर समजलं असतं बाई," म्हणाला. शाळेत अगदी असंच सांगितलं होतं.

आणखी दोन गोष्टी वाचल्या आणि माझी झोप उडाली. १९९८ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक प्रयोग छापून आला होता. गाडी चालवण्याच्या खोट्या यंत्रावर माणसं बसवली आणि पडद्यावरचं दृश्य धूसर करत नेलं. जसजसं धूसर होत गेलं तसतशी माणसं वेग वाढवत गेली, कारण आपण हळू चाललोय असं त्यांना वाटायला लागलं. दुसरा अभ्यास फ्रान्समधला. धुक्यात पुढच्या गाडीचे दिवे पाहून माणसाला ती गाडी खरी आहे त्यापेक्षा सुमारे ६० टक्के लांब वाटते. म्हणजे आपल्या मागचा ट्रकवाला प्रामाणिकपणे समजतोय की तो हळू चाललाय आणि आपण अजून खूप लांब आहोत. त्याला नुसता दिवा दिसून भागत नाही. तो लवकर दिसावा लागतो. ट्रकवाल्यावरचा माझा राग तिथं संपला.

कायद्याची धास्ती यांना होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येईल तसे फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही, उत्पादकानं ठरवून दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाही, असं बजावलं आहे. आरसीवर दिव्यांची नोंद नसते हे खरं, पण म्हणून काहीही टांगावं असं नाही. आम्ही ठरवलं: याच गाडीला परदेशात जो दिवा कंपनी बसवून देते, तोच, त्याच जागी. नवं भोक नाही, चमकणं नाही, मागे पांढरा उजेड नाही. दादाच्या ओळखीतलं एक जण गणपतीच्या आधी इकडे येणार होतं. त्याच्या बॅगेतून दिवे आले. काचेत बघितलं, 'एफ' होता. कोपऱ्यात रिफ्लेक्टरची पट्टीही त्यातच होती, म्हणजे जुनी मुकी पट्टी काढल्यानं काही गमावलं नाही.

एक की दोन यावर वाद झाला. एक पुरतो. पण मिस्त्री म्हणाला, "एकच तांबडा दिवा म्हणजे मागच्याला वाटंल, कोण तरी मोटरसायकलवाला चाललाय. आणि तो ओव्हरटेक करायला घुसंल." नियमात दोन चालतात. मला त्याचं म्हणणं पटलं, दोन बसवले.

आता वायरिंग. दोन दिवे २१ वॉटचे, मिळून ४२. भागिले १२ व्होल्ट, साडेतीन अँपिअर. एवढा करंट साध्या बटणातून न्यायचा नाही, मध्ये रिले घालायचा. रिले म्हणजे काय हे मिस्त्रीनं मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मला कळल्यासारखं वाटलं. काळी डबी, खाली पाय: ८५ आणि ८६ हे आतल्या वेटोळ्याचे, ३० वर बॅटरीचा करंट येतो, ८७ वरून दिव्याकडे जातो. वेटोळ्यात थोडा करंट सोडला की आतलं पातं ओढलं जातं आणि ३० व ८७ जोडले जातात. चौथ्यांदा मी त्याला थांबवलं, चार्ट पेपर आणला आणि नद्या काढतात तशी निळ्या-तांबड्या पेननं आकृती काढली. मग मला कळलं. बरोबर त्याच वेळी त्यालाही त्याची एक चूक दिसली.

चूक अशी: बटण दाबून ठेवलेलं राहिलं आणि गाडी बंद केली, तर पुढच्या वेळी दिवे लावताच हा लखलखाट आपोआप सुरू होणार. नियम म्हणतो तसं नको. मिस्त्री बराच वेळ चार्टकडे बघत होता. मग म्हणाला, "बाई, हे आपल्या बोअरच्या स्टार्टरसारखं पायजे." आणि ते अगदी बरोबर होतं. पंपाच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबून सोडलं की तो स्वतःला धरून ठेवतो. लाइट गेली की सुटतो, आणि लाइट परत आली तरी आपोआप सुरू होत नाही. इथं लाइटच्या जागी पुढच्या फॉग लॅम्पची वायर. एक छोटा रिले स्वतःला धरून ठेवण्यासाठी, दुसरा दिव्यांचा भार उचलण्यासाठी. पुढचे दिवे बंद केले की दोन्ही सुटतात. साडेसात अँपिअरचा फ्यूज, बटणाशेजारी पिवळी खूण, वायर दाराच्या उंबऱ्याखालून डिकीपर्यंत, आणि बंपरकडे जाताना पत्र्याला आधीपासून असलेल्या रबरी बुचातूनच बाहेर. सांधे पिळून टेप गुंडाळायला त्याचा पोरगा बसलाच होता. मिस्त्रीनं त्याला उठवून स्वतः कैय्या केला आणि वर स्लीव्ह चढवली. "बंपराखाली पाणी येतंय," एवढंच बोलला.

पहिली चाचणी रात्री मठाकडच्या रस्त्यावर. आकाश स्वच्छ, धुक्याचा पत्ता नाही. हे रुमाल खांद्यावर टाकून मोजत मोजत मागे चालत गेले आणि दूर उभे राहून हात हलवला. मी हिरवं बटण दाबलं. ते लगेच डोळ्यांपुढे हात धरून ओरडायला लागले. परत आले तेव्हा चिडलेले होते. "हे कोरड्या हवेत लावून कुणी माझ्या पुढे चाललं तर मी त्याची गाडी थांबवून त्याला बाहेर काढीन!" जर्मनीत ५० मीटरच्या आत दिसेनासं झाल्याशिवाय हा दिवा लावायलाच मनाई आहे, आणि लावला तर ५०च्या वर वेगही न्यायचा नाही. इंग्लंडात मर्यादा १०० मीटरची. हे ऐकून यांचं समाधान झालं. रेल्वेतही धुकं अंदाजानं ठरवत नाहीत म्हणाले. स्टेशनपासून १८० मीटरवर एक ठरलेली खूण असते, ती दिसेनाशी झाली की धुक्याचे नियम लागू, रुळावर फटाके लावणारी माणसं निघतात. "तू पण काहीतरी खूण धर, नाहीतर पावसाचा शिंतोडा पडला की बटण दाबत बसशील."

आंबोलीला गेलो तेव्हा शिनोळी सोडल्यापासून पाऊस होता, पण समोर दिसत होतं. कानूरच्या पुढे झाडं पुसट झाली. मग एकदम सगळं गेलं. पुढच्या वळणाचा कठडाही दिसेना तेव्हा मी पुढचे फॉग लॅम्प लावले, हिरवं बटण दाबलं. पिवळी खूण पेटली. हे पट्टा सांभाळून अर्धे मागे वळून बसले आणि मागच्या काचेतून बघायला लागले. त्यांचा चेहरा इतका खूष मी फार दिवसांनी पाहिला. "मागून बस येतेय. लांब आहे... आली, पण लांबूनच थांबली... अंतर राखून आहे." थोड्या वेळानं, "आता कार आलीय. ती अगदी मागे लागलीय, तिला आपण चांगले दिसतोय. बंद कर, बिचाऱ्याचे डोळे दिपत असतील." बंद केला. कार पुढे निघून गेली, मागे पुन्हा पांढरं झालं; पुन्हा लावला. घाट उतरून दाणोलीच्या बाजूला हवा निवळेपर्यंत यांची कॉमेंटरी चालू होती. माझं लक्ष पुढे, यांचं मागे. लेकीच्या घरी पोचल्यावर जावयानं विचारलं, प्रवास कसा झाला? हे म्हणाले, "गाडी पूर्ण आली."

परतल्यावर मिस्त्रीकडे पैसे द्यायला गेले तर गॅरेजमध्ये एक भाजीचा टेम्पो उभा. बेळगावहून अनमोड घाटानं रात्री गोव्याला माल नेणारा. त्याच्या ड्रायव्हरला तोच दिवा हवा होता. माझा चार्ट भिंतीवर, देवाच्या फोटोखाली लावलेला, आणि त्यावर ग्रीसच्या बोटांचे ठसे. टेम्पो १२ व्होल्टचा, म्हणजे आकृती तीच चालेल. पण त्याच मालकाचे दोन ट्रक होते आणि ट्रकला २४ व्होल्ट. करंट निम्म्यावर येणार, रिले आणि बल्ब २४चे लागणार. मिस्त्रीनं मला स्टूल दिला, समोर कोरा चार्ट पेपर पसरला. "बाई, चोवीसचा एक वेगळा काढून द्या. आणि नावं कानडीत लिवा, पोरांना वाचाय येत नाही तुमचं मराठी."

मी विचारलं, निळं पेन आहे का? तो शोधायला आत गेला.